स्कूबा डायव्हिंगमध्ये समाधान नेमकं कशात असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हौसेने डायव्हिंग करणारे आणि करू पाहणारे लोक मासे, टाकी, कान, थंडी, कॅमेरा यांबद्दल विचारत राहतात. त्या सगळ्यांच्या तळाशी प्रश्न एकच असतो: एवढी खटपट करून पाण्यात उतरलो, तर मजा येईल ना? खालची उत्तरं त्या अंगाने दिली आहेत. डाइव्ह सेंटर चालवणाऱ्यांचेही दोन प्रश्न शेवटाकडे घेतले आहेत.

एकाच डाइव्हवरून आलेल्यांपैकी काही जण हरखलेले असतात, काही जण गप्प. असं का?

बोटीच्या शिडीपाशी उभं राहून वर येणाऱ्यांचे चेहरे बघा. एकाच गाइडबरोबर, एकाच जागी पाऊण तास काढलेल्या दोघांपैकी एक जण श्वासासाठीचा रेग्युलेटर तोंडातून निघतो न निघतो तोच बोलायला लागतो. दुसरा मुकाट्याने पायातल्या फिन्स काढतो आणि टॉवेल शोधतो. समुद्र दोघांच्या वाट्याला सारखाच आलेला असतो.

फरक पडतो तो लक्ष कुठे होतं यावरून. पहिल्याचं लक्ष बाहेर होतं, म्हणजे रीफवर (प्रवाळांच्या खडकावर), माशांवर, वरून झिरपणाऱ्या उजेडावर. दुसऱ्याचं लक्ष स्वतःवरच खिळलेलं होतं. मास्कमध्ये पाणी येतंय, कान ठणकतोय, आपण वर चाललोय की खाली, हवा किती उरली, बाकीचे कुठे गेले. पायात चप्पल चावत असली की समोरचा देखावा कितीही सुंदर असो, मन पायाशीच घुटमळतं. पाण्याखाली तर चप्पल काढून हातात घ्यायचीही सोय नसते.

म्हणून माझ्या मते चांगलं डाइव्ह सेंटर ग्राहकाला मासे देत नाही, ते त्याचं लक्ष मोकळं करून देतं. मास्कचं माप, वजन, ब्रीफिंग, गटाचा आकार, गाइडचा वेग या सगळ्या गोष्टी त्यासाठीच असतात. पुढची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याच्या शाखा आहेत.

पण मोठं काही दिसलंच नाही तर पैसे वाया गेले असं नाही का वाटत?

ते किनाऱ्यावर काय सांगितलं गेलं होतं यावर अवलंबून आहे. रिचर्ड ऑलिव्हर या अभ्यासकाने १९८० मध्ये ग्राहकाच्या समाधानाबद्दल एक मांडणी केली, ती अजून वापरात आहे: माणूस मिळालेल्या गोष्टीची तुलना आधी धरलेल्या अपेक्षेशी करतो आणि त्या फरकावरून खूश किंवा नाराज होतो. डायव्हिंगच्या जाहिरातीत व्हेल शार्कचा फोटो लावला की त्या दिवशी दिसलेली पाच कासवं फिकी पडतात. तीच कासवं ‘आज बहुधा छोटे जीव बघू’ असं सांगून नेलेल्या गटाला दिवसभर पुरतात.

काही जण एखाद्या प्राण्यासाठीच लांबून येतात, हेही खरं. त्यांना ‘समुद्र आहे, सांगता येत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. हंगाम कोणता, अलीकडे दिसलाय का, नाहीच दिसला तर त्या जागी आणखी काय आहे, हे त्यांना आधी स्पष्ट कळायला हवं. खरं बोललेलं केंद्र एखादं बुकिंग गमावतं, पण आलेला माणूस फसवल्याच्या भावनेने परत जात नाही.

आणि लहान जीवांना कमी लेखू नका. मोठे मासे क्लीनिंग स्टेशनवर येतात, म्हणजे ठरलेल्या खडकापाशी थांबून इवल्या क्लीनर रॅस माशांकडून अंगावरचे परजीवी आणि तोंडातली घाण साफ करून घेतात. एरवी ज्याची शिकार झाली असती तो मासा त्या जबड्यात शिरून सुखरूप बाहेर येतो. अशा खडकापासून थोडं लांब, न हलता, दहा मिनिटं तरंगून बघितलं तर अर्धा किलोमीटर फिरून जे दिसत नाही ते दिसतं. गाइडला हे दाखवायची इच्छा आणि तेवढी शांतता असावी लागते. यादीतल्या सगळ्या जागांवर धावत नेणारे गाइड मला आवडत नाहीत.

पहिल्यांदा उतरणाऱ्याला आणि जुन्या डायव्हरला एकच गोष्ट हवी असते का?

अजिबात नाही, आणि दोघांना एका गटात कोंबणं ही या धंद्यातली सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

हॉब्सन ब्रायन या अभ्यासकाने १९७७ मध्ये गळाने ट्राउट पकडणाऱ्या हौशी लोकांचा अभ्यास केला. त्याला दिसलं की छंद जसा मुरत जातो तशी माणसाची आवड, साधनं, जागेबद्दलच्या मागण्या, सगळंच बदलतं. नवख्याला एखादा मासा गळाला लागला तरी पुरतो. मुरलेला कोणत्या पाण्यात आणि कोणत्या पद्धतीने पकडला याला महत्त्व देतो. डायव्हिंगमध्ये हे रोज दिसतं. नवखा गाइडकडे बघतो. तो शांत आहे का, माझ्याकडे लक्ष आहे का, मी घाबरलो तर काय करेल? पाण्याखाली श्वास घेता आला एवढ्यानेच त्याचं पोट भरतं. मुरलेला डायव्हर गाइडने हात धरला तर वैतागतो. त्याला कमी गर्दीची जागा, निरोगी रीफ, मोठी डाइव्ह आणि स्वतःच्या बडीबरोबर, म्हणजे जोडीदार डायव्हरबरोबर, स्वतःच्या चालीने फिरायची मोकळीक हवी असते.

तेव्हा बुकिंग करताना आपल्या किती डाइव्ह झाल्या आणि शेवटची कधी झाली हे खरं सांगा. त्यावरून गट ठरतो. दोन-तीन वर्षांचा खंड पडला असेल तर आधी उथळ पाण्यात उजळणी करून घ्यायला कमीपणा मानू नका.

मला पोहता येत नाही. तरी मजा येईल?

ट्राय डाइव्हमध्ये, म्हणजे कोर्स न करता चव घेण्यापुरत्या डाइव्हमध्ये, इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ सोबत असतो आणि अनेक ठिकाणी पोहण्याची अट नसते. पण तोंडावर पाणी आलं की जीव घाबरा होत असेल तर टाकी लावून तो घाबरेपणा जात नाही. आधी काही दिवस तलावात घालवा. कोर्स करायचा तर पोहणं लागतंच: पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीच्या, कोर्समध्ये वेळेचं बंधन न घालता २०० मीटर पोहावं लागतं आणि १० मिनिटं तरंगून दाखवावं लागतं.

ब्रीफिंग इतकं लांबलचक का असतं?

खरं तर ते लांब नसावं, नेमकं असावं. उतरायचं कसं, कोणत्या दिशेने जायचं, किती खोल, किती वेळ, हवा किती उरली की गाइडला सांगायचं, एकमेकांना हरवलो तर काय करायचं. एवढं कळलं की पाण्याखाली ‘आता पुढे काय’ ही धाकधूक राहत नाही. बडी हरवला तर साधारण एक मिनिट शोधून मग सावकाश वर यायचं, हे आधी ऐकलेला माणूस गोंधळत नाही. न ऐकलेला तळाशी गोल गोल फिरत हवा संपवतो.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: काय दिसू शकतं आणि ते कुठे बघायचं, हेही ब्रीफिंगमध्ये सांगावं. खडकाच्या फटीत तोंड उघडून बसलेला मोरे ईल चावायला येत नसून श्वास घेतोय, हे आधी माहीत असेल तर तो दिसल्यावर भीतीऐवजी कुतूहल वाटतं.

कानात दडे बसतात, दुखतं. मग कसली मजा?

दुखेपर्यंत थांबायचंच नाही. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, पण कानाच्या दृष्टीने सगळ्यांत अवघड टप्पा पहिल्या काही मीटरचा असतो, कारण हवेच्या आकारमानात सर्वांत मोठा फरक तिथे पडतो. पृष्ठभागावरची हवा १० मीटरवर निम्मी होते. पुन्हा निम्मी व्हायला ३० मीटर गाठावे लागतात.

म्हणून कान मोकळे करायला पृष्ठभागावरच सुरुवात करा आणि खाली जाताना दर अर्ध्या-एक मीटरला, दाब जाणवायच्या आधी, पुन्हा करा. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलणं ही पद्धत सगळ्यांना माहीत असते. काहींना नाक धरून आवंढा गिळणं जास्त जमतं. जोर लावू नका. दुखलं तर एक मीटर वर या, कान मोकळा करा, मग पुन्हा खाली. पाय खाली ठेवून, दोरीला धरून उतरलं तर बहुतेकांना सोपं जातं.

सर्दी असेल तर डाइव्ह सोडून द्या. नाक मोकळं करणारं औषध घेऊन उतरणाऱ्यांचा त्या औषधाचा असर पाण्याखाली संपला तर वर येताना हवा अडकते, आणि तेव्हा वर येणं तर भागच असतं.

गाइडने इथे घाई केली तर पुढचा सगळा वेळ बिघडतो. सगळा गट खाली पोचलेला आणि आपण एकटेच वर लटकलेले, या लाजेपोटी लोक दुखणं रेटून उतरतात. कान सावकाश उघडणाऱ्याला सगळ्यांत आधी उतरवायला सुरुवात करावी. युक्ती साधी आहे, आणि फार कमी ठिकाणी पाळली जाते.

मास्कमध्ये सारखं पाणी येतं. मास्क खराब आहे का?

बहुतेक वेळा मास्क चांगला असतो, चेहरा वेगळा असतो. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला, किंवा एका कडेने हवा शिरल्याचा बारीक आवाज आला, तर दुसरा बघा. पाणी आलं की लोक पट्टा आवळतात. त्याने सिलिकॉनची कड मुडपते आणि पाणी जास्तच शिरतं, वर कपाळावर वळ उठतो. मिशा, हुडखाली अडकलेली केसांची बट, हसल्यावर गालावर पडणाऱ्या खळ्या, एवढ्याशा कारणांनीही गळती होते. मिशीवर नाकाखाली थोडी व्हॅसलीन चोपडणारे डायव्हर पुष्कळ आहेत.

भाड्याने घेताना बाकी सगळं तडजोडीचं चालेल, पण मास्कवर अडून बसा. स्वतःची एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती मास्कच असावी. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसवलेले मास्क मिळतात. धूसर दिसणाऱ्या डोळ्यांनी रीफ बघून आलेल्या माणसाला आपण काय गमावलं याचा पत्ताही नसतो.

बुडण्यासाठी शिशाचं वजन किती लावायचं? मला सगळीकडे जास्तच लावतात.

हो, लावतात. नवख्याला दोन-तीन किलो जादा अडकवले की तो पटकन बुडतो आणि गाइडचं काम सोपं होतं. त्याची किंमत ग्राहक पाण्याखाली मोजतो. जादा शिसं पेलायला बीसीडीत, म्हणजे हवा भरायच्या जॅकेटात, जादा हवा भरावी लागते. ती हवा खोलीनुसार फुगते आणि आकसते, त्यामुळे माणूस कधी वर उडतो, कधी तळाला टेकतो. पाय खाली आणि छाती वर अशी तिरकी ढब होते. प्रत्येक किकला तळाची वाळू उडते, मागच्यांना काही दिसत नाही, फिन्स प्रवाळाला लागतात आणि हवा भराभर संपते. एका जादा वजनाने चार जणांची डाइव्ह बिघडते.

तपासायची पद्धत अशी: डाइव्हच्या शेवटी टाकीत साधारण ५० बार (बार हे दाबाचं एकक) हवा असताना, बीसीडी रिकामी करून, पाच मीटरवर शांत श्वास घेत स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. सुरुवातीला तपासत असाल तर टाकीतल्या हवेचंही वजन धरावं लागतं. ११ लिटरच्या टाकीतली २०० बार हवा अडीच किलोच्या वर भरते आणि डाइव्हभर ती कमी होत जाते. वेटसूट बदलला, गोड्या पाण्यातून खाऱ्या पाण्यात आलात, ॲल्युमिनियमऐवजी स्टीलची टाकी मिळाली की आकडा बदलतो. तो वहीत लिहून ठेवा.

बॉयन्सी, म्हणजे पाण्यात ना वर ना खाली असं तरंगणं, जमली की डायव्हिंग बदलून जातं, ही अतिशयोक्ती नाही. श्वास घेतला की किंचित वर, सोडला की किंचित खाली, हात छातीशी दुमडलेले आणि खालून रीफ सरकतंय. ‘डायव्हिंग मला विशेष आवडलं नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांनी हे अनुभवलेलंच नसतं. त्यांनी पाऊण तास कसरत केलेली असते.

माझी हवा सगळ्यांत आधी संपते. बाकीच्यांची डाइव्ह माझ्यामुळे बुडते.

याची लाज बाळगणारे लोक फार, आणि तीच लाज श्वास वाढवते. आधी गणित बघू. पृष्ठभागावर मिनिटाला १५ लिटर हवा वापरणाऱ्याला २० मीटरवर, म्हणजे तिप्पट दाबात, ४५ लिटर लागतात. १२ लिटरच्या टाकीत २०० बार असतील आणि ५० बार राखून ठेवायचे असतील तर हाताशी १८०० लिटर उरतात, म्हणजे ४० मिनिटं. मिनिटाला २५ लिटर वापरणाऱ्याला तिथेच २४ मिनिटं मिळतात. पण तोच माणूस १० मीटरवर राहिला तर ३६ मिनिटं. गटाच्या थोडं वर तरंगत राहणं हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बाकी उपाय: वजन कमी करा, हात मारू नका, हळू पोहा. वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो. श्वास लांब आणि सलग ठेवा, पण हवा वाचवण्यासाठी तो रोखून धरू नका; ते धोक्याचं आहे. अंगाने मोठ्या माणसाला हवा जास्तच लागते, त्याला इलाज नाही. त्याच्यासाठी बरीच सेंटर्स १५ लिटरची टाकी ठेवतात. मागून घ्या.

जितकं खोल जाऊ तितकी मजा जास्त का?

आकडा सांगायला मजा येते, एवढंच. पाणी आधी लाल रंग शोषून घेतं, मग नारिंगी, मग पिवळा. खोल गेलं की सगळं निळं-करडं दिसतं, टॉर्च मारल्याशिवाय स्पंजचा लाल रंग परत येत नाही. पॅडीच्या तक्त्यानुसार पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर ५६ मिनिटं थांबता येतं, ३० मीटरवर फक्त २०. तिथून पुढे नायट्रोजनची गुंगीही जाणवू लागते. प्रवाळ आणि मासे उन्हात, म्हणजे उथळ पाण्यातच, दाटीने असतात.

अपवाद बुडालेल्या जहाजांचा. तांबड्या समुद्रात ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन बॉम्बफेकीत बुडालेलं थिसलगॉर्म ३० मीटरच्या आसपास तळाला बसलंय आणि त्याच्या पोटात लष्करी ट्रक आणि मोटरसायकली अजून उभ्या आहेत. असं काही बघायला खोल जाण्यात अर्थ आहे. मात्र ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डची ३०, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची रेघ ४० मीटर. ‘कोण बघतंय’ म्हणत ही रेघ ओलांडायला लावणारा गाइड तुमच्यावर मेहरबानी करत नसतो.

पाणी गढूळ असेल तर?

व्हिजिबिलिटी पाच मीटर असेल तर पंचवीस मीटरच्या डाइव्हचा आराखडा घेऊन उतरू नका. गट छोटा करा, एकमेकांच्या जवळ राहा, रीफला नाक लावून बारीक जीव शोधा. न्यूडीब्रँक (रंगीत समुद्री गोगलगायी) बघायला निळंशार पाणी लागत नाही. पण ‘आज खाली काही दिसणार नाही’ हे बोटीवर चढायच्या आधी कळायला हवं, टाकी पाठीवर चढवल्यावर नव्हे.

थंडी वाजते म्हणून मी लवकर वर येतो.

पाणी हवेच्या वीसपटीहून अधिक वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे २७ अंशाचं पाणीही तासाभरात गार वाटू लागतं. ३ मिलिमीटरऐवजी ५ चा सूट मागा आणि तो अंगाला घट्ट आहे का बघा. ढगळ सुटात पाणी खेळतं आणि सुटाचा उपयोग राहत नाही. दुसऱ्या डाइव्हला नेहमीच जास्त थंडी वाजते. मधल्या वेळात ओला सूट कमरेपर्यंत उतरवा, अंग पुसा, वाऱ्यापासून आडोसा धरा.

गटात किती लोक असावेत?

पॅडीच्या नियमात ओपन वॉटर कोर्सला समुद्रात एका इन्स्ट्रक्टरमागे जास्तीत जास्त ८ आणि ट्राय डाइव्हला ४ विद्यार्थी चालतात. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. पाण्याखाली बोलता येत नाही, आणि आवाज हवेपेक्षा चौपटीहून वेगाने धावत असल्याने तो कुठून आला तेही कळत नाही. गाइडने टाकीवर टकटक केली की सगळे चारी दिशांना बघतात. मागे वळून एका नजरेत सगळे दिसतील एवढाच गट खरा. माझ्या लेखी ट्राय डाइव्हला दोन आणि शिकलेल्यांच्या फन डाइव्हला चार. गट मोठा असला की शेवटच्या माणसाला ऑक्टोपस दिसत नाही, ऑक्टोपस होता ते बिळ दिसतं.

अनोळखी बडी मिळाला तर?

उतरण्याआधी पाच मिनिटं बोला. हवा किती पुरते, फोटो काढणार का, कोणती खूण कशासाठी. एकमेकांची साधनं खरोखर तपासा, नुसता अंगठा-बोट जुळवून ‘ओके’ करू नका. छायाचित्रकार आणि भटक्या यांची जोडी लावली की दोघेही वैतागतात, हे सेंटरने आधीच ओळखायला हवं.

पहिल्याच डाइव्हला कॅमेरा नेऊ का?

नका नेऊ. तरंगता यायला लागलं की न्या. त्याआधी कॅमेरा म्हणजे लक्ष खाणारी आणखी एक वस्तू, आणि एक हात गेला तो वेगळाच.

गाइडने मला दाखवायला जीव हातात घेतला. मला छान वाटलं, मग त्यात वाईट काय?

फुगवलेला पफर फिश, बिळातून ओढून काढलेला ऑक्टोपस, पाठीला धरलेलं कासव. पाहणाऱ्याला त्या क्षणी भारी वाटतं, पण त्या जिवाला ते जीवावर बेतल्यासारखं असतं, आणि असं हाताळणं रोज होत असेल तर प्राणी ती जागा सोडतात. म्हणजे पुढच्या ग्राहकाचा आनंद काढून तुम्हाला दिलेला असतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००४ मध्ये सुरू केलेल्या ग्रीन फिन्स उपक्रमाची आचारसंहिता हेच सांगते: हात लावायचा नाही, पाठलाग नाही, खाऊ घालायचं नाही.

बऱ्याच गाइडना वाटतं की ग्राहकाला हेच हवंय आणि बक्षिसी त्यावरच मिळते. म्हणून पाण्यात उतरण्याआधीच सांगून टाका, ‘आम्हाला काही पकडून दाखवू नका, लांबूनच दाखवा.’ गाइडचं ओझं उतरतं.

डाइव्ह रद्द केली तर भरपाईपेक्षा काय हवं असतं?

कारण आणि लवकर निरोप. लाटा, करंट, वादळ यावर कोणी भांडत नाही. पहाटे उठून, बोट लागू नये म्हणून गोळी घेऊन, दोन तास धक्क्यावर ताटकळल्यावर ‘आज नाही’ ऐकलं की भांडतात. आणि एखादा ग्राहक ‘मला आज बरं वाटत नाही, मी उतरत नाही’ म्हणाला तर त्याला ‘का’ विचारून भंडावू नये. कोणत्याही डायव्हरला, कोणत्याही क्षणी, कारण न देता डाइव्ह सोडायचा हक्क आहे.

आमचं सेंटर आहे. डाइव्ह चांगली होऊनही लोक नाराजीने का जातात?

शेवट बघा. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा १४ अंशाच्या पाण्यात मिनिटभर हात बुडवला. दुसऱ्या वेळी तेवढंच करून वर आणखी अर्धा मिनिट हात पाण्यातच ठेवला, फक्त पाणी हळूहळू १५ अंशावर नेलं. पुन्हा कोणता प्रकार करायचा असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला, म्हणजे एकूण जास्त त्रासाचा, प्रकार निवडला. शेवट बरा होता, तेवढाच लक्षात राहिला.

डाइव्हचा शेवट बहुतेक ठिकाणी सर्वांत गलथान असतो. पाच मीटरवर, वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपला सगळे दोरीला लोंबकळत घड्याळ बघतात. तोच थांबा रीफच्या उथळ कडेवर घेतला तर तीन मिनिटं बघायला मिळतं. मग लाटांत डुचमळणारी शिडी, वर कोणी हात द्यायला नाही, बोटीवर फिन्सचा ढीग, आपली बॅग कुठे ते सापडत नाही. परतल्यावर सामान धुऊन कुठे टांगायचं ते सांगणारा माणूस आधीच फोनवर. हे सगळं सुधारायला पैसे लागत नाहीत. वर आलेल्याच्या पाठीवरची टाकी उचलून घ्या, काहीतरी गरम प्यायला द्या आणि गाइडला दहा मिनिटं गटाबरोबर बसवा. तो निळा पट्ट्यांचा मासा कोणता, ते अंड्यांचं पांढरं वेटोळं कुणाचं, असे प्रश्न तेव्हाच येतात. लॉगबुकात नावं लिहिली जातात आणि ‘काही विशेष नव्हतं’ म्हणणाऱ्याला आपण काय काय पाहिलं ते कळतं.

अभिप्राय कसा घ्यावा?

‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘मस्त’ हेच उत्तर येतं. ‘मास्क कसा होता? थंडी वाजली का? कुठे घाई झाली असं वाटलं?’ असं विचारा. दोन दिवसांची पॅकेज असतील तर पहिल्या दिवशीच विचारा, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येतं.

सेंटर निवडताना फोनवर काय विचारू?

गटात किती जण? माझ्या अनुभवाचे लोक असतील का? बोटीवर ऑक्सिजन आहे का? आरोग्याची प्रश्नावली भरून घेता का? शेवटच्या प्रश्नावर ‘त्याची गरज नाही, टेन्शन घेऊ नका’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल विचारपूस न करणारा माणूस बाकीच्या बाबतीतही तुमची विचारपूस करणार नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी विमान, चालेल?

नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षेच्या संस्थेच्या शिफारशीनुसार एकच साधी डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास, आणि रोज किंवा दिवसात अनेक केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये. उंच घाटातून गाडीने जायचं असेल तरी हाच विचार करा. तो दिवस उथळ पाण्यात स्नॉर्कल घेऊन घालवा. कालची रीफ वरून ओळखता येते का ते बघा.